पहिली पंगत आचाऱ्याची

माझ्या वडिलांच्या डाव्या पायाची करंगळी कापली तेव्हा मी बारावीत होते.

वडील आचारी. आमचं गाव मूर्तिजापूर तालुक्यात, पण त्यांच्या हातचे निखाऱ्यात भाजलेले रोडगे आणि वांग्याची भाजी दर्यापूरपासून अकोल्यापर्यंत ठाऊक. लोक आधी त्यांना विचारत आणि मग लग्नाची तारीख काढत. तीस वर्षं त्यांनी भट्टीपुढे काढली आणि ती सगळी अनवाणी. आमच्याकडे भट्टी पेटवायच्या आधी तिची पूजा होते. हळदकुंकू, नारळ, पहिला घास अग्नीला. तिच्याजवळ चपला घालून कोणी जात नाही. वडिलांना शुगर होऊन आठ-नऊ वर्षं झाली होती; त्यानं पाय बधिर होत चालले होते, हे त्यांना माहीत नव्हतं, आम्हालाही नव्हतं. एका लग्नात निखारा पायाखाली आला. ते त्यावर उभे राहून जिलेबी तळत राहिले. चौथ्या दिवशी आईला वास आला.

अकोल्याच्या दवाखान्यात करंगळी काढली. डॉक्टर म्हणाले, "पुढच्या वेळी बोट नाही, पाऊल जाईल."

तो सगळा सीझन वडील खाटेवर होते. स्वयंपाकाचे मोठाले गंज ओसरीत पालथे पडले होते. आई लोकांच्या वावरात कापूस वेचायला जाई, आल्यावर पायाचं ड्रेसिंग करी आणि मग भाकरी टाकी. एका पायाचा आचारी कोणी बोलावत नाही, हे आमच्या घरात कोणी बोललं नाही आणि प्रत्येकाला कळत होतं. मला बारावीला चांगले मार्क पडले तेव्हा वडिलांनी भिंतीकडे तोंड करून सांगितलं, "शिकाले जा. माह्या पायाकडं पाहून थांबू नको."

अशी मी अमरावतीला आले. आमच्या घरातलं आधी कोणी कॉलेजच्या गेटातून आत गेलेलं नव्हतं.

बसस्टँडमागच्या गल्लीत मला खोली मिळाली. घरमालक एसटीचे रिटायर्ड वाहतूक नियंत्रक. म्हणजे स्टँडवरच्या खिडकीत बसून कुठली गाडी कुठल्या फलाटाला, किती वाजता, हे ठरवणारा आणि भोंग्यावरून सांगणारा माणूस. सगळी गल्ली त्यांना कंट्रोलर साहेब म्हणायची. किडकिडीत, खाकी पँट अजून तीच, खिशाला शिट्टी. एकटेच राहायचे. मुलगी अकोल्याला दिलेली.

पहिल्या दिवशी मी सामान घेऊन दारात उभी राहिले तर आतून भोंग्यासारखा आवाज आला: "लक्ष द्या. जेवनाआधीची गोयी फलाट क्रमांक एकवर लागलेली हाय. आठ वाजता नाश्ता सुटेल." मला वाटलं आत बरीच माणसं आहेत. आत फक्त साहेब होते, एका हातात गोळी आणि दुसऱ्यात पाण्याचा तांब्या.

त्यांना वीस वर्षांची शुगर. भिंतीवर स्टँडवरून आणलेला जुना काळा फळा होता. त्यावर खडूनं रकाने: गाडी, सुटण्याची वेळ, विलंब, विलंबाचं कारण. गाड्या म्हणजे गोळ्या, जेवणं आणि चालणं. एखाद्या दिवशी पाच मिनिटं उशीर झाला तर स्वतःच कारण लिहायचे. 'मुलीचा फोन.' 'शेजारणीनं बोलण्यात धरलं.' एकदा लिहिलं होतं, 'आळस', आणि त्याखाली दोन रेघा.

रात्रीचं जेवण दिवेलागणीलाच उरकायचे आणि स्टँडवर जाऊन पहिल्या फलाटापासून शेवटच्यापर्यंत अर्धा तास येरझाऱ्या घालायचे. जुने कंडक्टर चिडवायचे, "साहेब, रिटायर झाले ना तुमी? मंग काहून फिरून राहिले?"

"मी झालो बे. माही शुगर नाई झाली."

शर्टाच्या वरच्या खिशात साखरेची पुडी असे. कधी शुगर एकदम उतरली तर तोंडात टाकायला. तिचं नाव स्टेपनी. "स्टेपनी वापरली का त्याच दिवशी दुसरी ठेवाची," म्हणायचे. "स्टेपनी नसलेली गाडी मी घाटात सोडली नाई कधी. चिखलदऱ्याच्या कंडक्टरले विचारून घे."

लग्नात जेवायला बसले की पंगतीची करमणूक. वाढप्या भात घेऊन आला की दोन्ही हात ताटावर आडवे. आधी काकडी, मग पालेभाजी, मग वरण, मग अर्धी पोळी. कोणी विचारलंच तर सांगत, "आधी म्हातारेकोतारे चढू द्या. भात पोट्ट्यासारखा हाय. आधी घुसला का सगळी गाडी डोक्यावर घेते." गोड मात्र सोडलं होतं असं नाही. वर्षातून एकदा, अखजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पुरणाची अर्धी पोळी खायचे. ती खाताना बोलायचे नाहीत. त्या दिवशी फलाटावर दुप्पट फेऱ्या. असं का, हे मला पुष्कळ पुढे कळलं.

आणि आरसा. स्कूटरचा जुना आरसा, दांडीसकट. रोज संध्याकाळी ओट्यावर बसून तो पायाखाली धरायचे आणि तळपाय बघायचे, बोटांच्या बेचक्यांसकट. गल्लीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. मी हसले नाही. आमच्या घरात असा आरसा असता तर वडिलांची दहाची दहा बोटं शाबूत असती.

माझ्या पहिल्या वर्षाच्या दिवाळीनंतर वडील अमरावतीला तपासणीला आले. जखम भरली होती आणि ते पुन्हा भट्टीवर उभे राहायला लागले होते. रिपोर्ट हातात धरून असे आले की जणू मॅट्रिक पास झाले. "पाहा साहेब, नॉर्मल हाय!"

साहेबांनी चष्मा लावून कागद वाचला. "भौ, किती दिवस गोड बंद होतं?"

"पाच दिवस. जिभेवर गोटा ठेवला होता गोटा."

"अस्सं. तपासनी पथक येनार म्हटलं का आमी बी स्टँड धुऊन काढत होतो. पथक गेलं का पुन्हा पान खाऊन थुका." दुसऱ्या दिवशी त्यांनी वडिलांना हाताला धरून नेलं आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी करायला लावली. तो रिपोर्ट वाईट आला. फार वाईट.

"हे पाच दिवसाचं आयकत नाई," साहेब म्हणाले. "हे तीन महिन्याची चुगली करते. बोला आता. गोयी कवा कवा नाई घेतली?"

वडील खाली बघत म्हणाले, "लग्नाच्या दिवशी ध्यानात राहत नाई साहेब."

आणि सीझनमध्ये महिन्यातले वीस दिवस लग्नं.

साहेब तडकले. माझ्या वडिलांना असं बोललेलं मी कोणाकडून ऐकलं नव्हतं. "मीठ ध्यानात राह्यते? रोडग्याचा इंगोय ध्यानात राह्यते? मंग गोयी कशी नाई राहत? लग्न असो का मयत, गोयी टायमावर. मी सोता फोन करीन." वडील हो म्हणाले. साहेबांनी फळ्यावर खाली एक नवीन ओळ ओढली आणि लिहिलं: 'मूर्तिजापूर गाडी, ७.३०.'

साहेब एक गोष्ट विचारायची विसरले, आणि वडिलांनीही काही सांगितलं नाही. ते काय, हे मूर्तिजापूरच्या लग्नात कळलं.

त्या लग्नाला मी साहेबांना मुद्दाम घेऊन गेले होते, वडिलांचे रोडगे खायला. आई मदतीला होतीच. सकाळी साडेसातला साहेबांनी भट्टीपाशी उभं राहून शिट्टी वाजवली. वडिलांनी हसत गोळी घेतली.

आता आचाऱ्याचं जेवण कधी असतं ते सांगते. सगळा स्वयंपाक झाल्याशिवाय देवाला नैवेद्य जात नाही. नैवेद्य गेल्याशिवाय कोणी तोंडात घास घालत नाही. मग वऱ्हाडी मंडळी, मग घरचे, मग वाढपी, आणि सगळ्यांत शेवटी आचारी. माझ्या वडिलांनी तीस वर्षं लग्नातलं जेवण दुपारी चारच्या आधी केलेलं नव्हतं. गोळी जेवणाआधीची. त्या दिवशी जेवण आणखी आठ तासांवर होतं.

साडेबाराच्या सुमारास त्यांच्या हातातून झारा पडला. मी वळून पाहिलं तर ते घामानं निथळत होते आणि हात लटलट कापत होते. समोर उकळत्या तेलाची कढई. आईनं मागून कमरेला मिठी मारून त्यांना ओढलं म्हणून, नाहीतर पुढचं मला लिहायला नको. ते जमिनीवर बसले आणि भलतंच काहीतरी बोलायला लागले.

मांडवातून नवरीचा काका आला. "टाकून आला वाटते आचारी. भर दुपारीच."

माझ्या वडिलांच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. त्यांनी जन्मात दारूला हात लावलेला नाही.

तोवर साहेब पोचले होते. खिशातली स्टेपनी काढून माझ्या हातात दिली. "पान्यात घोल. भरभर. गिलास तोंडाले लाव, शुद्धीत हाय तोवर." वडिलांनी पाणी घोटाघोटानं घेतलं. साहेब घड्याळ बघत बाजूला बसून राहिले. थोड्या वेळानं कापणं थांबलं, नजर जागेवर आली. पहिला शब्द त्यांनी काय काढावा? "तेल उतरवा. करपून राहिलं."

"आता खरं सांगा भौ," साहेबांनी हळू विचारलं. "हे पहिल्यांदा झालं?"

वडिलांनी मान हलवली. नाही. म्हणूनच ते लग्नाच्या दिवशी गोळी घेत नव्हते. ध्यानात राहत नव्हती असं नाही, गोळीचं भ्याव वाटत होतं. पण आचाऱ्याचे हात कापतात हे गावात कळलं तर कोण बोलावणार, म्हणून तोंड बंद.

साहेब उठले. मला वाटलं पाणी आणायला गेले. ते सरळ मांडवात गेले आणि बँडवाल्याच्या हातातला माईक घेतला. पहिली पंगत बसलेली, पत्रावळी मांडलेल्या, पाणी वाढून झालेलं. आणि तो आवाज आला, जो मी रोज गोळीच्या वेळेला ऐकत असे.

"लक्ष द्या. लक्ष द्या. पहिली पंगत अर्धा तास उशिरा सुटेल. विलंबाचं कारन आयकून घ्या. आचारी पेलेला नाई. आचारी उपाशी हाय. त्याले शुगर हाय, त्यानं गोयी घेतली अन् पोटात अन्नाचा कन नाई. जो मानूस दिवस निंगाच्या आधीपासून तुमच्यासाठी उभा हाय, तो जेवल्याबिगर आज हे गाडी फलाट सोडनार नाई. ज्याले घाई असंल त्यानं खाली उतरून पायी जावं."

 नवरीच्या काकाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मग नवरीचा आजा काठी टेकत उठला आणि म्हणाला, "बराबर हाय. आना त्याले इथं."

देवापुढे वरण-पोळीचा नैवेद्य ठेवला आणि वडिलांना मांडवात आणून पहिल्या पत्रावळीवर बसवलं. ते इतके लाजले की मान वर करेनात. एवढी लग्नं वाढली, पण पहिल्या पंगतीत ते कधी बसले नव्हते. मी वाढलं. काकडी आधी, मग भाजी, मग वरण. भाताच्या वेळेला साहेब पलीकडून नुसते खाकरले.

दुसऱ्या दिवशी अमरावतीच्या डॉक्टरांकडे साहेब स्वतः आले आणि आमच्याआधी बोलले. "चूक माही हाय डॉक्टरसाहेब. मी गाडी सोडली, टाकीत डिझेल पाह्यलंच नाई." डॉक्टरांनी वडिलांना विचारलं, तुम्ही जेवता किती वाजता? इतक्या वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं आणि वडिलांनीही आपण होऊन कधी सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी एक गोळी बदलली, वेळा बदलल्या, आणि बजावलं की गोळी मनानं बंद करायची नाही आणि मनानं वाढवायचीही नाही. काही झालं तर आधी मला सांगा, म्हणाले.

परतताना रिक्षात साहेब माझ्याशी बोलले. वडील पुढे ड्रायव्हरजवळ होते. "माह्या बायकोले कोन्या शेजारनीनं कडू पावडर देली होती. म्हने, यानं गोयी सुटते. तिनं चार महिने गोयी घेतली नाई. किडन्या गेल्या. अखजीले गेली." मग म्हणाले, "स्टँडावरची एकेक गाडी मले तोंडपाठ होती पोरी. घरात काय चालून राहिलं, पत्ता नोता." त्यांनी हे पुन्हा कधी काढलं नाही. 

वडिलांनाही त्यांनी एक स्कूटरचा आरसा दिला.

"हे कायले? तोंड पाहाले?"

"तोंड तुमची बायको पाह्यते. तुमी तयपाय पाहा."

वडिलांनी तो खुंटीला अडकवून ठेवला. आईनं मात्र काढला. रोज संध्याकाळी त्यांना ओट्यावर बसवून ती आरसा धरायची. माझ्या दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेच्या आधी तिचा फोन आला: "टाचेले फोड हाय. पैशाएवढा. त्याईले समजलंच नाई." पुन्हा निखारा. साहेबांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि म्हणाले, "वहिनी, हळद लावू नका, चुना लावू नका. पहिल्या गाडीनं घेऊन या." या वेळी चौथा दिवस उजाडला नव्हता. त्याच दिवशी ड्रेसिंग झालं. फोड महिनाभरात भरला.

पण वडील पुन्हा भट्टीवर अनवाणीच जाणार होते. डॉक्टरांनी सांगितलं, मी सांगितलं, साहेबांनी तर रोज. वडील एरवी ऐकून घेत. इथे नाही. "भट्टी माय हाय साहेब. तिनं माह्या पोरीले शिकोलं. मायपुढं जोडे घालून उभा राहू?"

   साहेबांच्या फळ्यावर पहिल्यांदाच एक आख्खी ओळ रिकामी दिसली.

नंतरचं लग्न अकोल्याला होतं. भट्टीपूजनाच्या वेळी साहेब काखेत खोकं घेऊन आले. कापडी बूट, चामड्याचा तुकडा नसलेले, जाड रबरी तळाचे, समोरून बंद. झारा, सराटा, कढई पूजेला मांडलेल्या होत्या. त्यांच्या ओळीत त्यांनी ते कोरे बूट मांडले. बघणारे हबकले.

"हे चपला नाईत," ते म्हणाले. "झारा भट्टीचा, कढई भट्टीची, तसे हे बी भट्टीचे. इथून बाहीर जानार नाईत. रस्त्याले लागनार नाईत. पूजा झाल्यावर पायात, सैपाक झाला का धुऊन पेटीत."

वडील म्हणाले, "साहेब, लोक काय म्हनतील?"

मग आई पुढे आली. तिनं झाऱ्याला हळदकुंकू लावलं, कढईला लावलं आणि त्याच हातानं दोन्ही बुटांना लावलं. वडिलांकडे बघून म्हणाली, "तुमच्या पायाचा वास म्या घेतला होता. लोकाईनं नाई."

वडिलांनी भट्टीला नमस्कार केला. बुटांनाही केला. आणि घातले.

गेल्या वर्षी साहेब मुलीकडे अकोल्याला राहायला गेले. जाताना फळा घेऊन गेले, भोंगाही घेऊनच गेले म्हणायचं, कारण वडिलांना सकाळी साडेसातला फोन अजून येतो. साहेबांचं वय झालंय, पण डोळे बिनचष्म्याचे नसले तरी शाबूत आहेत, किडन्या शाबूत आहेत, आणि मुलीच्या सोसायटीत रात्रीच्या जेवणानंतर पार्किंगमध्ये एक म्हातारा शिट्टी घेऊन येरझाऱ्या घालतो अशी तक्रार आहे. मुलीनं मला ती हसत सांगितली. मी म्हटलं, तक्रार करणाऱ्याची शुगर तपासून घ्या.

मी बी.एस्सी. झाले. नांदगाव पेठेच्या एमआयडीसीत एका कापडाच्या कारखान्यात रंगांच्या तपासणीला आहे. पदवीच्या दिवशी आईवडिलांच्या मधे साहेब खाकी पँटमध्ये बसले होते.

आमच्या भागातल्या लग्नघरांना आता ठाऊक झालंय. वडिलांना बोलवायचं तर वरण-पोळीचा नैवेद्य सकाळी आठला आणि पहिली पत्रावळ आचाऱ्याची. दुसऱ्या दोन आचाऱ्यांनीही हे धरलं आहे, त्यातल्या एकाला शुगर नाही. लोक अजून विचारतात, "मंग काय, गोयी सुटली का?" वडील सांगतात, "नाई सुटली. डॉक्टरनं एक कमी केली, बाकीच्या चालू हायेत. तुमची झाली का तपासनी?"

करंगळी गेली त्याला सात वर्षं झाली. माझ्या वडिलांच्या पायांना नऊ बोटं आहेत. त्या दिवशी दवाखान्यातून त्यांना घरी आणलं तेव्हाही नऊच होती.